शिकारीक की राखणीक

"शिकारीक की राखणीक?" दाजी सुतारांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत विचारलं. आम्ही दोघं भाताच्या कुणग्यात घोटाभर चिखलात उभे होतो आणि मी नुकतंच त्यांना सांगितलं होतं की इथे एक माळा, म्हणजे मचाण, बांधायचाय, कुठल्याही झाडाचा आधार न घेता आपल्या चार पायांवर उभा राहील असा. त्यांचा प्रश्न मला जरा लागलाच. "दाजीनू, शिकार आता कोण करता? राखणीक." त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मोजमाप घेताना माणूस हलवतो तशी. मग म्हणाले, "तसा नाय रे झिला. राखणीचो माळो करकरलो तरी चलता. करकरलेलोच बरो. हय माणूस आसा ह्या जनावराक कळाक व्हया. शिकारीचो माळो करकरता नये." म्हणजे प्रश्न कामापुरता होता. फळी किती घट्ट बसवायची, एवढंच त्यांना हवं होतं. पण २०२४ च्या सप्टेंबरपासून तो माझ्या डोक्यात कुसळासारखा अडकून बसलाय.

माळ्याची गरज नव्हती असं नाही. देवगड तालुक्यात आमच्या वाडीखाली अकरा गुंठे शेती आहे. शेजारच्या दोघांनी आपले कुणगे पड टाकल्यापासून त्यांत माणसाच्या उंचीचं रान माजलंय आणि डुकरांना डोंगरावरून थेट आमच्या मेरेपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, सावलीतून यायची सोय झालीय. भात दुधावर आलं की ती येतात. खातात त्याहून तुडवतात जास्त, लोळतात, मेर उकरून पाणी सोडून देतात. वाडीत सगळ्यांनी सगळं करून पाहिलंय. जुन्या साड्यांचं कुंपण, रिकामे डबे, बाटल्यांच्या माळा, लुकलुकणारे दिवे, बॅटरीवरचं झटका मशीन. डुकरं आठ दिवस बिचकतात, नवव्या दिवशी साडीखालून येतात. पूर्वी मेरेवरच्या रायवळ आंब्याच्या बेचक्यात आजोबांचा माळा होता. तो आंबा १६ मे २०२१च्या दुपारी तौक्ते वादळात मुळासकट आडवा झाला. मी तेव्हा मुंबईत टीव्हीसमोर बसून मालवणच्या किनाऱ्यावरची दृश्यं बघत होतो. आंबा गेल्याचं चार दिवसांनी कळलं, कारण तोवर गावात वीजच नव्हती. आता शेताच्या आसपास माणसाचं वजन पेलेल असं एकही झाड नाही.

नकाशा अमेरिकेतून आला. गणपतीला घरी आलेल्या पुतण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. तिकडचा कुणी लठ्ठसा, भला माणूस आपल्या परसात हरणाच्या शिकारीसाठी मचाण बांधत होता. चार इंच बाय चार इंचाचे वाळवी-प्रतिबंधक औषध दाबून भरलेले खांब, लोखंडी कोपरे, विजेवर फिरणारा पेचकस. शरद ऋतूत तिकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा हंगाम खुला होतो, परवाना काढायचा, ठरलेल्या संख्येत मारायचं आणि फ्रीजरमध्ये भरायचं, असा सगळा उघड, कायदेशीर मामला. तो माणूस फार जीव लावून सांगत होता. पाय खाली फाकलेले हवेत. वर गेल्यावर स्वतःला पट्ट्याने बांधून घ्या, कारण मचाणावरून पडूनच बरेच शिकारी जायबंदी होतात. जमिनीवर गालिचा टाका, म्हणजे बुटांचा आवाज होणार नाही. शेवटी त्याने खिडकीतून एक काल्पनिक बंदूक रोखून दाखवली आणि हसला. पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याला खिडकी नको." मी म्हटलं, बरोबर. गालिचाबद्दल मात्र काही बोललो नाही.

लाकूड घरचंच निघालं. जुन्या घराची मागची पडवी त्याच वादळात बसली होती. तिचे किंजळीचे चार खांब तेव्हापासून गोठ्यात आडवे पडून होते. चौदा-चौदा फुटांचे, धुराने काळे झालेले, एकावर माझ्या आत्याने लहानपणी कोरलेली फुलं. आडव्या तिरप्या कामाला माणग्याचे बांबू, बसायला पोफळीच्या उभ्या चिरलेल्या पट्ट्या. बांबू तोडण्यावरून घरात छोटं महाभारत झालं. दाजींचं म्हणणं, बांबू खरं तर थंडीत तोडायचा, पण आता घाईच आहे तर निदान काळोख्या पक्षात तोडूया, चांदण्यातल्या बांबूला भुंगा लागतो. काळोखा पक्ष म्हणजे १८ सप्टेंबरपासूनचा पितृपक्ष. आई म्हणाली, पितरपक्षात नवा काम करतत? दाजी ओटीवर बसून चहा ओतत म्हणाले, "नवा खय, वहिनी? आज्याच्याच घराचे खांब मां." आई गप्प झाली. भुंगा आणि पितर दोघांचंही समाधान एका वाक्यात करणारा हा माणूस मी गेली तीस वर्षं ऑफिसांमधून शोधत होतो.

उभारणीला चार दिवस लागले. पहिला अर्धा दिवस नुसती आखणी. खाली आठ फुटांचा चौकोन, वर पाच फुटांचा. चौकोन काटकोनात आहे की नाही हे दाजी गुण्याने पाहत नाहीत. त्यांच्या पिशवीत एक काथ्याची दोरी असते, तिला तीन, चार आणि पाच हातांवर गाठी. तिघांनी तीन गाठी धरून ताणल्या की कोपरा आपसूक काटकोनात येतो. मग दोन्ही कर्ण मोजले, बोटभर फरक निघाला, खुंटी सरकवली. खांब पुरायचे खड्डे दीड हात खोल. तळाला जांभ्याचा सपाट चिरा आणि खांब उभा केल्यावर भोवती माती न टाकता फोडलेल्या दगडांची खडी. खांब कुजतो तो खोल पाण्यात कुजत नाही, जिथे माती संपून हवा लागते त्या वीतभर पट्ट्यात कुजतो, म्हणून तिथलं पाणी निघून जायला हवं. खांबांची बुडं आधी निखाऱ्यावर धरून वरची कड काळी होईस्तोवर जाळली आणि त्यावर काजूच्या टरफलांचं तेल फासलं. त्या तेलाचा वास मला आवडतो, होडीचा वास आहे तो. ते हाताला लागून दोन बोटांची कातडी सोलली गेली हे वेगळं.

माझ्या नकाशात पाय अगदी थोडे तिरपे होते. दाजींनी कागद पाहिला, परत दिला आणि विचारलं, "होडयेत उभो रवतस तेव्हा पाय कशे ठेवतस? तशेच." झालं. तिरपेपणाचा हिशेब संपला.

चार खांब उभे राहिले, वरचे आडवे वासे बसले आणि मला वाटलं माळा झाला. दाजी म्हणाले, ढकल. मी एका हाताने एका खांबाला रेटा दिला आणि सबंध सांगाडा, चार किंजळीचे खांब आणि चार वासे, जत्रेतल्या पाळण्यासारखा हलला. एका बाजूने हलला, थांबला, परत आला. माझ्या पोटात गोळा आला. दाजींना गंमत वाटत होती. त्यांनी उत्तरेच्या बाजूला दोन बांबू एकमेकांवर तिरपे धरून फुली केली, जिथे फुली खांबांना भिडते तिथे पटाशीने खोबण पाडली आणि गिरमीट फिरवायला सुरुवात केली. गिरमिटातून किंजळीचा लालसर भुसा मळसूत्रासारखा वर येत होता. पन्नास-साठ वर्षं जुनं लाकूड, पण आतून अजून ओलसर, आंबूस वासाचं. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा, बोल्ट ठोकून आत घातला, दोन्हीकडे जाड वायसर, पान्ह्याने आवळला. असे चार कोपरे आणि मधली गाठ. खिळे त्यांनी मारूच दिले नाहीत. लाकूड सुकताना आक्रसतं, खिळा सैल पडला की सैलच राहतो, बोल्ट परत आवळता येतो. "आता ढकल." मी त्याच बाजूने रेटा दिला. खांब हलला नाही. उलट माझेच पाय चिखलात मागे सरकले. दुसऱ्या बाजूने रेटल्यावर अजून तसाच डोलत होता, कारण तिकडे फुली नव्हती. शाळेत भूमितीच्या बाईंनी चौकोन मोडतो आणि त्रिकोण मोडत नाही हे आगपेटीच्या काड्यांनी दाखवलं होतं, ते बाविसाव्या बेंचवरून मला कधीच नीट दिसलं नव्हतं. चारही बाजूंना फुल्या लागल्यावर दाजी शिडीने वर चढले आणि मधोमध उभं राहून त्यांनी दोनदा उडी मारली. सत्तरीचा माणूस, अकरा फुटांवर. खाली कुणग्यातलं पाणीसुद्धा हललं नाही.

आता जागेबद्दल सांगायला हवं. तेच टाळत मी एवढा वेळ बोल्टांविषयी लिहीत बसलोय.

आमच्या शेताच्या पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला, दोन वाड्या आणि एक खाडी ओलांडून, समुद्र. दिवसभर खारा वारा समुद्रावरून येतो. पाऊस ओसरला की रात्री तो उलटतो आणि डोंगराकडून समुद्राकडे मतलई सुटतो, थंड, पानांचा वास घेऊन. डुकराची नजर अधू, पण नाक असं की माणसाला लाज वाटावी. त्यामुळे राखण करायची असेल तर माळा पूर्वेच्या मेरेवर हवा. माणसाचा वास, विडीचा वास, रॉकेलचा वास मतलयाबरोबर सगळ्या शेतावर पसरला पाहिजे. शेतात पाय टाकणाऱ्याला पहिल्या घासाआधी कळलं पाहिजे की इथे कुणी बसलंय. पश्चिमेला बसलात तर तुमचा वास समुद्राकडे वाहून जातो, आणि जनावर निर्धास्तपणे तुमच्या पुढ्यात येतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. आठ-नऊ वर्षांचा असताना शिकलेलो आहे. तरी दाजींनी खुंट्या कुठे मारू विचारलं तेव्हा मी पश्चिमेचा कोपरा दाखवला. म्हणालो, तिकडची जमीन जरा उंच आहे, खड्ड्यात पाणी भरणार नाही. ते खोटं नव्हतं. जमीन वीतभर उंच आहेच.

आजोबांच्या माळ्यावर मी एकदाच रात्रभर बसलो. १९८१ असावं. त्यांच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. एक बार म्हणजे सगळी पूजाच असे, आणि चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर कणकवलीला पोचलेलं. त्या रात्री आजोबा एकच वाक्य बोलले, "वारो तोंडार व्हयो." नंतर काही तास शब्द नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, डास चावले, लघवी लागली. पहाटे कधीतरी मेरेवर एक भेकर आलं. डुक्कर नव्हे. मोठ्या बकरीएवढं, तांबूस, पाय उंच उचलून टाकत, ओल्या अंगणातून नवी नवरी चालावी तसं. आजोबांनी बार काढला. धूर खाली बसायच्या आत ते माळ्यावरून उतरलेसुद्धा. मी वरच होतो. धुराचा तो वास, कुजक्या अंड्यासारखा आणि तरी दिवाळीसारखा, आणि खालून आजोबांचा कुकारा, आणि दूर वाडीतून आलेली उत्तरं. सकाळी सात घरी वाटे गेले. आजीने मसाला वाटला, मटण शिजलं, ती स्वतः मात्र त्या दिवशी पेज आणि लोणचं जेवली. का, ते तिने सांगितलं नाही. मी दोनदा वाढून घेतलं.

वन्यजीव संरक्षण कायदा आणि मी एकाच वर्षीचे, १९७२ चे. म्हणजे त्या पहाटे कायदा माझ्याच वयाचा होता आणि आजोबा तो मोडत होते. परवाना होता तो पिकाच्या राखणीचा, भेकराचा नव्हता. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून करायची शिकारही संपली. तोवर आजोबा संपले होते. बंदूक काकांच्या नावावर झाली, दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होऊ लागली आणि अशाच एका निवडणुकीनंतर काकांनी ती परत आणलीच नाही. गंज काढायचा कंटाळा आला म्हणाले. मला कायदा मान्य आहे. मनापासून मान्य आहे. मेरेवरच्या वाटेवर कुणीतरी लावलेली तारेची फासकी सापडली की मी ती उपटून विहिरीत टाकतो, कारण डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून तडफडल्याच्या बातम्या आपल्याकडे दर वर्षी येतात. तरीही आजोबा ज्या तऱ्हेने त्या अंधारात बसले होते, ऐकत, श्वास मोजून सोडत, तसं दुसरं कुठलंही काम करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. देवळात तर नाहीच. ते आठवलं की मला त्यांचा राग येत नाही, आणि राग येत नाही याचं वाईट वाटतं.

खर्चाचं विचारू नका असं म्हणतात, पण मी सांगतो. दाजी आणि त्यांच्या गड्याची मजुरी, बांबू, बोल्ट, तेल, सुंभ मिळून नऊ हजार चारशे रुपये. अकरा गुंठ्यांत भात होतं चार क्विंटल, ते २०२४ च्या तेवीसशेच्या हमीभावाने नऊ हजार दोनशेचं. म्हणजे पहिल्या वर्षी दोनशे रुपयांचा तोटा, तोही डुकरांनी एक लोंबी खाल्ली नाही असं धरून. बायकोने हा हिशेब ऐकला आणि म्हणाली, "मग तू वर कशाला बसतोस?" तिचा प्रश्न दाजींच्या प्रश्नाचा सख्खा भाऊच. मी म्हटलं, चांदणं छान पडतं.

कोजागिरीच्या दोन रात्री आधी मी बसलो. खाली गोणपाट दुहेरी अंथरलं होतं. पोफळीच्या पट्ट्या थंड लागतात म्हणून. हाताशी पत्र्याचा डबा आणि बडवायला काठी. साडेबाराच्या सुमारास वारा फिरला, समोरून तोंडावर आला, आणि मला डोंगराचा वास आला. भात दुधाळ गोड वासाचं, त्यात कुठेतरी सापकांद्यासारखं उग्र काही, रानातल्या कुजक्या पानांचं. ढगांतून चांदणं येत-जात होतं. मग पडीक कुणग्याच्या कडेचं गवत हललं आणि वाऱ्यापेक्षा किंचित उशिराने थांबलं. भेकर बाहेर आलं. नर होता. मेरेवर मान वळवली तेव्हा वरच्या जबड्यातला सुळा पांढरा दिसला, किंवा दिसला असं वाटलं. पाय तसेच उंच उचलत तो माझ्या दिशेने आला, पन्नास पावलं, तीस, पंधरा. भाताची दोन-तीन पाती ओढली. माझा उजवा हात डब्यावर होता. तो मी उचलला, काठी घ्यायला नव्हे. कसा उचलला हे मला आजही कुणाला करून दाखवता येणार नाही. डावा हात त्याच्यापुढे, मूठ अर्धी वळलेली, खांदा थोडा पुढे. आणि एक डोळा मिटलेला.

किती वेळ, माहीत नाही.

शेवटी त्यानेच काहीतरी हेरलं. वारा क्षणभर पडला असेल. एकदम भुंकला, रागावलेल्या कुत्र्यासारखा, पण एकेक भुंकणं सुटं सुटं, मध्ये मोजून अंतर. नंतर डोंगराच्या पायथ्यापासून बराच वेळ तो तसाच भुंकत राहिला. मी हात खाली घेतला. घामाने बनियन भिजलं होतं. डबा वाजवायचा राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली आणि वाडीत उरलेल्या दोन बंदुका जमा करायची चर्चा पारावर सुरू झाली. डुकरांना आचारसंहिता नसते. त्याच रात्री ती आली, सात, त्यांत चार पिल्लं. वारा माझ्या तोंडावर, म्हणजे त्यांना माझा पत्ताच नाही. माझ्यासमोर, वीस पावलांवर, त्यांनी भात वाकवलं. आई पुढे आणि पिल्लं एका रांगेत मागे. त्यांचा तो चपचप आवाज, पिल्लांची कुरकुर, एका पिल्लाचं दुसऱ्याला ढुशी मारणं. मी डबा वाजवला. वाजवला, पण आधी नाही, नंतर. कोपऱ्यातला कुणगा निम्मा आडवा झाल्यावर.

सकाळी दाजी आले. महिना झाला की बोल्ट एकदा आवळायचे, लाकूड बसतं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, पण ते आठ दिवस लवकर आले. कोपऱ्यात उभं राहून आडवं झालेलं भात पाहिलं. चिखलातले खूर पाहिले, डुकरांचे, आणि मेरेवर जरा सुकलेले, निमुळते, दुसरे. "काय इला होता?" मी म्हटलं, "डुकरा. झोप लागली माका." त्यांनी काहीच म्हटलं नाही. पान्हा घेऊन शिडी चढले, एकेक बोल्ट आवळला, वर उभे राहिले आणि गोणपाटावर पाय रोवून अंगाचं सगळं वजन डावीकडे, मग उजवीकडे टाकलं. मग मान तिरकी करून ऐकत राहिले. वारा एव्हाना समुद्रावरून यायला लागला होता.

"करकरत नाय," ते वरून म्हणाले.

कौतुकाने की कशाने, खालून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.